एकवीस दारांचं नवं

माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर एक फळी आहे. तिला अठरा खिळे आणि अठरा खिळ्यांना अठरा किल्ल्या. नवा माणूस घरात आला की विचारतोच, "काकू, लॉज चालवता काय?" मी म्हणते, "चालवते ना! गिऱ्हाईक सगळी माकडं, आणि एकजण वहीत सही करेल तर शपथ."

थट्टा नाही, खरं सांगते. संगमेश्वरहून देवरुखकडे जाताना मध्येच आत वळणारा जो रस्ता आहे, त्यावर आमची वाडी. वीस घरं, सगळी एकाच भावकीची. त्यातली दोनच बारा महिने उघडी असतात, एक माझं आणि दुसरं माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. बाकीची अठरा गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात आंबे खायला चार दिवस उघडतात, आणि मग किल्ल्या माझ्याकडे येतात. "काकी, जरा बघत राहा हां." मी बघते. बघण्यासारखंही पुष्कळ असतं. एका पुतण्याने हौसेने गच्चीवर पाण्याची काळी टाकी बसवली, तर ऐन उन्हाळ्यात तीन माकडं झाकण सरकवून आत डुंबत बसलेली! मी खालून ओरडले. मी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे, माझ्या एका हाकेने चाळीस पोरं गप्प बसायची. त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं, एकाने डोकं खाजवलं आणि परत पाण्यात बुडी मारली. मी पुतण्याला फोन करून सांगितलं, तुझे पाहुणे आलेत, साबण ठेवून जायला विसरलास.

मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा घर एकच होतं. एक चूल, एक देव्हारा, एक गणपती. पुढच्या अंगणापासून वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि घराच्या मागे चढ चढलं की सडा. सडा म्हणजे काळ्या कातळाचं मोठं पठार. पावसात त्यावर गवत आणि निळी-पिवळी फुलं, उन्हाळ्यात टिटवीची अंडी, आणि पलीकडच्या रानातून डुकरं, भेकरं, मोर सगळे त्याच सड्यावरून घळीने खाली नदीला पाण्यावर उतरायचे. त्यांची वाट वेगळी, आमची वेगळी. क्वचित गाठ पडलीच तर दोघंही घाबरायचे आणि आपापल्या घरी जायचे.

गणपती पाटावर बसले की भावकीतला वयाने मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेलं मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझ्या पहिल्या गणपतीला सासऱ्यांनी घातलेलं अजून कानात आहे. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांना सुखी ठेव, एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर!" आम्ही सगळे ओरडलो, व्हय म्हाराजा! देवाचा काय दोष? आम्ही दरवर्षी मागितलं, त्याने दरवर्षी दिलं. आजेसासरे या वाडीत एकटे आले होते. आता गणपतीत पहिली पंगत उठली तरी दुसरीची माणसं दारात ताटकळत असतात, आणि कोण कुणाचा हे मला सुनांच्या कानात विचारावं लागतं.

माणसं वाढली की घरं वाढतात, हे सांगायला शिकलेलं माणूस नको. आमच्यातल्या बऱ्याच जणांची बिऱ्हाडं मुंबईत दोन खोल्यांत सात-आठ जण अशी. गावी आल्यावर तरी पाय पसरावेत असं त्यांना वाटलं तर मी कोण नावं ठेवणार? पण घर बांधायचं कुठे? चढावर बांधायचं तर कातळ फोडा. खाचर कसं, सपाट, रस्त्याला लागून, ट्रक थेट दारात. म्हणून एकेक घर एकेका खाचरात उभं राहिलं. सडाही गेला. सड्यातला आमच्या भावकीचा हिस्सा आम्हीच विकला आणि त्याच पैशात अर्ध्या घरांवर स्लॅब पडले. तिथे आता प्लॉट पाडलेत, चहूबाजूंनी चिऱ्याची भिंत आहे, आणि गेटावर इंग्रजीत असं नाव आहे की वाचता वाचता माझा चष्मा घसरतो. डुकरांची घळीची वाट त्या भिंतीने बंद झाली, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता मोठ्या तोंडाने बोलते आहे, तर हेही सांगून टाकते. या सगळ्याची सुरुवात मी केली. आता जाऊबाई राहतात त्या थोरल्या घरातून पहिली वेगळी निघाले ती मी. भांडण कशावरून, तर मिक्सरवरून. मला ओल्या खोबऱ्याचं वाटण मिक्सरवर हवं, जाऊबाईंना पाट्यावर. शब्दाला शब्द वाढला, मी ताडताड बोलले, आणि वर्षाच्या आत घरासमोरच्या सगळ्यात चांगल्या खाचरात माझ्या घराचा पाया खणला गेला. जाऊबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. घर बांधून जे खाचर उरलं ते त्यांनी लावलं. तेही कसं, अगदी माझ्या पायरीला टेकून! श्रावणात मी दार उघडलं की पहिला पाय रोपात पडायचा. मला तेव्हा वाटायचं, मुद्दाम करतात. मुद्दामच करत होत्या, पण त्यात राग नव्हता, हातभर मातीही पडीक ठेवायची नव्हती इतकंच, हे कळायला मला फार वर्षं लागली.

वाडीतलं शेवटचं उरलेलं खाचर ते हेच. बाकी सगळी गेली. जाऊबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी चिपळूणला दिलेली, पण त्या एकट्या ते खाचर लावतात, जुन्या लाल तांदळाचं बी राखून. लावणीला मी जाते. चिखलात उतरल्यापासून वर येईपर्यंत मी कुरकुरते आणि त्या हसतात. "तुझ्या तोंडाला खत लागत नाय गो, आपोआप चालतं," म्हणतात.

त्या खाचरावर अख्ख्या भावकीचं एक काम अडलेलं असतं. ते म्हणजे नवं. आश्विनातल्या पौर्णिमेला, नव्याच्या पुनवेला, आमच्याकडे दारावर नवं बांधतात. भाताच्या पाच लोंब्या, नाचणीचं एक कणीस, कुरडूचं फूल, झेंडू, हे सगळं आंब्याच्या पानात धरून केळीच्या दोऱ्याने आवळायचं आणि उंबऱ्याच्या वर बांधायचं. ते वर्षभर तिथे राहतं. पूर्वी एक दार होतं. आता वीस दारं, शिवाय विहीर, मोटरसायकली, गाड्या, टीव्ही, एका सूनबाईंचा एसी, सगळ्यांना नवं हवं. मुंबईहून फोन येतात, "काकी, आमच्या दाराला बांधा आणि फोटो पाठवा." मी शिडी घेऊन फिरते, जाऊबाई खालून जुड्या देतात. बाजारात नवं विकत मिळतं हल्ली, पण जाऊबाईंचा एकच हट्ट. नवं आपल्याच जमिनीतलं पाहिजे. विकत आणलेलं नवं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचं बारसं आपल्या घरी केल्यासारखं, म्हणतात.

आणि त्या खाचरावरच गेल्या गणपतीत घाला आला. गौरी जेवून गेल्या, माणसं सुस्तावली, आणि एका पुतण्याने कागद काढला. हे शेवटचं खाचर सामाईक आहे, त्यात भर घालून अर्ध्यात गाड्या लावायची जागा करू आणि अर्ध्यात एक घर बसेल. गाड्यांची अडचण खरीच होती. गणपतीत वाडीत चौदा गाड्या येतात आणि एकाला काढायचं तर तेरांना हलवावं लागतं. आणि ते घर कुणाचं? माझ्या मुलाचं. त्याने मला आधीच फोनवर सांगितलं होतं, "आई, मुलं मोठी झाली, तुझ्याकडे एका खोलीत आम्ही चौघं मावत नाही." मला आनंदच झाला होता. लेक समोर घर बांधतोय, कुणाला नको? वाडीतलं एकविसावं दार माझ्या मुलाचं!

कागद फिरला. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागणार होत्या. जाऊबाईंनी चष्मा लावून पहिली सही केली. एवढंच म्हणाल्या, "पीक उभं हाय. तेवढं कापून घेऊ द्या." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पोळ्यांना तूप लावत राहिले. शेवटची सही आमच्या ह्यांची राहिली. हे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आयुष्यभर इतकं ओरडले की आता बोलतच नाहीत. "बघू, दिवाळीत," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पुनवेच्या दिवशी सकाळी जाऊबाईंची हाक आली. "गो, ये जरा." मी चहाचा कप तसाच हातात घेऊन गेले. खाचर ओळखू येईना. भात आडवं पडलेलं, चिखल उकरलेला, जिकडेतिकडे खुरं. डुकरांचा अख्खा कळप येऊन जेवून गेला होता. पिकलेल्या भाताची ही दशा पाहून माझं डोकंच फिरलं. मी डुकरांना अशा शिव्या घातल्या की बांधावरचा बगळासुद्धा उडाला.

जाऊबाई पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यांना कशाला बोलतंस? सडा तुमी विकलात, तिथं भिंत झाली. नदीला उतरायची त्यांची वाट गेली. मग ती कुठनं जाणार? त्यांनाबी पोरंबाळं हाईत. त्यांचंबी एकाचं एकवीस झालं असंल." आणि हसल्या. पण पदराचं टोक डोळ्यांना लावलंच.

फक्त माझ्या पायरीला टेकून असलेला कोपरा वाचला होता. तिथे आमची कुत्री निजते, तिच्या भुंकण्याने डुकरं तेवढी लांब राहिली असणार. जाऊबाईंनी विळ्याने तिथल्या लोंब्या कापल्या. काही पोचट, काही तुडवलेल्या. चांगल्या, भरलेल्या वेचून सुपात ठेवल्या आणि आम्ही दोघी माझ्याच पायरीवर जुड्या बांधायला बसलो. मी म्हटलं, बाजारातून आणूया का थोड्या? त्यांनी नुसतं बघितलं, मी केळीचा दोरा सोलायला घेतला. "दाराला एक लोंबी," त्या म्हणाल्या. "टीव्हीला नाय, गाड्यांना नाय. देव्हाऱ्याला फूल वाहीन. देवाला समजतं."

एकेक जुडी बांधून त्या माझ्या ओंजळीत देत गेल्या. वीस झाल्या. सुपात एक लोंबी उरली, सगळ्यात लांब, भरगच्च. मला वाटलं, ही त्यांनी स्वतःच्या देवासाठी राखली. त्यांनी तिला आंब्याचं पान लावलं, कुरडू लावला, दोरा दोनदा आवळला आणि माझ्यासमोर धरली.

"ही ठेव. पोराचं घर झालं की दाराला बांध. तेव्हा लोंब्या नसतील आपल्या."

मी म्हटलं, "आणि बी? बियाला काय ठेवलंत?"

"बी कशाला?" त्या म्हणाल्या. "लावायचं कुठं?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी उलट बोलले असते. टोमण्याला टोमणा देणं मला जमतं. पण त्या खरंच विचारत होत्या. लावायचं कुठं? मी बघितलं तर समोर लोंब्या कापून घेतलेला हातभर कोपरा, मागे माझं घर, आणि हातात माझ्या मुलाच्या दाराचं नवं. ती जुडी ज्या मातीत वाढली तिच्यावरच ते दार उभं राहणार होतं. मला इतकी लाज वाटली की मी रडायलाच लागले. भर रस्त्यावरच्या पायरीवर, साठी जवळ आलेली बाई, हुंदके देऊन! जाऊबाई घाबरल्या. म्हणाल्या, "अगो, मिक्सर पाहिजे तर घे, पण रडू नको." आम्हा दोघींना एकदमच हसू फुटलं.

त्या दिवशी वीस दारांना नवं बांधून झाल्यावर मी मुलाला फोन लावला. प्रस्तावना वगैरे मला येत नाही. सरळ म्हटलं, "खाचरात घर बांधायचं नाही."

 तो म्हणाला, "मग आम्ही राहू कुठे?"

"माझ्या डोक्यावर."

"आई, चिडू नको."

"चिडत नाही, खरंच सांगते. आपल्या घरावर मजला चढव. डोक्यावर राहा माझ्या. एरवी राहताच."

"आणि तू?" तो म्हणाला. "तू वेगळी निघालीस तेव्हा कुणी तुला मजला चढव म्हटलं नाही."

बरोबर जागी लागलं. पोटचं पोर, त्याला नेम शिकवावा लागत नाही. मी म्हटलं, "नाही म्हटलं. म्हणायला हवं होतं. कुणीतरी माझा कान धरायला हवा होता. तेव्हा खाचरं पुष्कळ होती, एक गेलं तर काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. पुढच्या प्रत्येकाला तसंच वाटलं. आता हे एकच आहे रे बाळा, याच्यापुढे कुणाला तसं वाटायला जागाच उरली नाही."

मग सूनबाई फोनवर आली. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच अट घातली. जिना बाहेरून पाहिजे आणि दार वेगळं. मला हसूच आलं. मीही मिक्सर कारण केला होता, हवं होतं मला दारच. म्हटलं, घे, दोन दारं घे, फक्त वर घे.

दिवाळीत भावकी जमली तेव्हा खरी मजा झाली. पुतण्या कागदाबद्दल विचारायला आला. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी हे उठले. खिशातून घडी काढली, आजूबाजूला नजर फिरवली, गर्दी बघितली आणि कित्येक वर्षांत न ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडी फुल्ल! आता जागा नाही, मागच्या गाडीने या." आणि कागद न सही करता परत दिला.  मग पुतण्याचीच बायको फिस्सकन हसली, आणि मग काय, सगळेच. पुतण्या दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच सुचवलं की गाड्या वर, वाडीच्या तोंडाशी, चढावरच्या कातळावर लावू, पाय मोकळे होतील. एवढं साधं आधी का सुचलं नाही, हे मी त्याला विचारलं नाही. मोठ्या मनाची आहे मी.

राहिला प्रश्न बियाचा. जाऊबाईंचं जुनं बी डुकरांच्या पोटात गेलं होतं. बाहेरून आणता आलं असतं, पण ते लाल तांदूळ वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते, कारण वाडीत दुसरं खाचरच नव्हतं. वैशाखात एका दुपारी जाऊबाई कणगीच्या तळाशी हात घालून दाणे चाचपताना दिसल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बी आहे की! वीस दारांवर टांगलेलं आहे!

मी फळीवरच्या अठरा किल्ल्या काढल्या, यांच्या खांद्यावर शिडी दिली आणि निघाले. नवं एरवी वर्ष होईपर्यंत उतरवत नाहीत. पण मी देवाला आधीच सांगून ठेवलं, यंदा जरा लवकर उतरवते, कारण तुला ठाऊक आहे. लोंब्या बाहेरच होत्या, किल्ल्या कशाला घेतल्या हे मलाही माहीत नाही. मालकांचा मान म्हणून असेल. पहिल्या घरी लोंबी होती, पण एकही दाणा नाही. चिमण्यांनी सोलून खाल्लेली. दुसऱ्या घरी खारीचा कारभार. तिसऱ्या घरी तर माकडाने अख्खी जुडीच पळवली होती, नुसता दोरा लोंबत होता. मी शिडीवरून सगळ्या प्राणिमात्रांचा उद्धार करत होते आणि हे खालून शांतपणे "पुढे चला, पुढे चला" म्हणत होते. वीस दारं झाली तेव्हा हातात अकरा लोंब्या होत्या. त्यातल्याही अर्ध्या-अर्ध्या.

पण बारावी माझ्या कपाटात होती. मुलाच्या दाराची. मी ती साड्यांच्या खाली डब्यात, कडुलिंबाचा पाला घालून जपली होती. जाऊबाईंच्या हातावर डबा उघडून ठेवला तेव्हा त्यांनी आधी लोंबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही तर पोराच्या दाराची," म्हणाल्या.

"दार वर गेलं," मी म्हटलं. "ही खाली राहू दे."

त्यांनी ती तळहातावर चोळली. एक दाणा पोचट निघाला नाही.

एवढ्याशा बियाची रोपं ती कितीशी होणार? खाचराचा एक कोपरा भरला, माझ्या पायरीजवळचा. बाकीत देवरुखहून आणलेलं बी. लावणीला मुलगा आणि सूनबाई दोन दिवस आली. मुलाचा मोबाईल चिखलात पडला आणि तो अर्धा तास चाचपत राहिला. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे, उगवंल." वहाळाच्या कडेने त्यांनी दोन हात पट्टा न लावता तसाच सोडला. मी विचारलं तर म्हणाल्या, "डुकरांची वाट. त्यांना जायला नको?" मी म्हटलं, "त्या वाटेने जातील की ताटातून?" म्हणाल्या, "ते पुनवेला कळंल. पण वाट ठेवल्यावर निदान शिव्या घालायला तुला तोंड राहील." आमच्या कुत्रीलाही त्यांनी त्या बाजूला गोणपाट टाकून दिलं.

या गणपतीत भात पोटरीत आलं होतं, लोंबी अजून पानाच्या पोटात. पायरीवर उभं राहिलं की वास यायचा. माझ्या घरावर नव्या मजल्याच्या भिंती अर्ध्या चढलेल्या, बाहेरून जिना, आणि जिन्यावर सूनबाईने आतापासूनच झेंडूची कुंडी ठेवलेली. गणपती थोरल्या घरात बसले. गाऱ्हाण्याला आमचे चुलत सासरे उभे राहिले. सगळ्यात वडील तेच, मुंबईला असतात, कानाने थोडे कमी पण आवाजाने नाही. समोर आम्ही सगळी, पडवीपासून अंगणापर्यंत, खांद्याला खांदा लावून.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "तुझ्या लेकरांना सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"एकाचे एकवीस कर..."

"मामंजी, थांबा जरा!" जाऊबाईंचा आवाज. लग्न होऊन आल्यापासून या बाईने देवापुढे 'व्हय म्हाराजा'पलीकडे कधी तोंड उघडलेलं नव्हतं.  "देवाला नीट सांगा की कशाचे ते. तुमी नुसतं एकाचे एकवीस म्हणता, त्याने माणसांचे केले, घरांचे केले, गाड्यांचे केले. बिचाऱ्याला काय कळणार? दाण्याचे म्हणा."

चुलत सासऱ्यांनी हात कानामागे धरला. मी पुढे होऊन त्यांच्या कानात ओरडले. ते थोडा वेळ गणपतीकडे बघत राहिले, मग अंगणापलीकडच्या हिरव्या तुकड्याकडे. मग त्यांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! माणसं दिलीस, पुरे झाली. आता ह्या एका खाचरातल्या एका दाण्याचे एकवीस कर, आणि डुकरांना त्यांची वाट दाखव!"

पोरंसोरं, सुना, गाड्यांवाले, दिवाळीत फुगलेला पुतण्यासुद्धा, सगळे एकदम ओरडले. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. व्हायलाच हवा होता. थोरल्या घरातून पहिली बाहेर पडले ती मीच.